स्वस्तातली दुर्बीण

आमुंडने दुकानात शिरल्या शिरल्या चूक केली. खिशात किती आहेत ते आधीच सांगून टाकलं.

"चार हजार क्रोनर?" दुकानदार स्वेर्रेने चष्मा कपाळावर चढवला. "चार हजारांत मी तुला दुर्बिणीची झाकणं देतो. पुढचं आणि मागचं, दोन्ही."

मागे उभा असलेला एम्ब्रेट खो खो हसला. तो मुद्दाम सोबत आला होता. दोघे शाळेपासूनचे मित्र, शेजारी, आणि एकाच शिकारी टोळीतले. आमुंड शाळेची बस चालवायचा, एम्ब्रेट सुतारकाम करायचा. मागच्या शरदात आमुंडच्या रायफलवरची दुर्बीण ऐन वेळी सरकली होती. गोळी एल्क हरणाच्या पोटाला लागली आणि ते घोड्याएवढं धूड जखमी होऊन जंगलात पसार झालं. नियमाप्रमाणे सगळ्या टोळीची शिकार थांबली. एम्ब्रेट आपल्या कुत्रीला घेऊन माग काढत राहिला आणि शेवटी त्यानेच त्या जनावराला यातनांतून सोडवलं. आमुंडला तोंड लपवायला जागा उरली नाही. पुन्हा तसं होऊ नये, एवढंच त्याला यंदा हवं होतं. पण घराचं छप्परही गळत होतं, आणि त्याच्या बायकोने, योरुनने, छपराचे पैसे आधी बाजूला काढले होते.

स्वेर्रेने काउंटरवर दुर्बिणी मांडल्या. एक लहानमोठं दाखवणारी, एक आत लाल ठिपका पेटणारी.

"चकचकाटाला भुलू नकोस," तो म्हणाला. "एवढ्या पैशात जिला दहा करामती येतात, तिला एकही धड येत नाही. काच बघ. एकदा जुळवलेला नेम तिथेच राहतो का बघ. थंडीतून उबेत आणल्यावर आत बाष्प धरतं का बघ. बाकी सगळा पोरखेळ."

"मग यातली कुठली?"

स्वेर्रे जरा घुटमळला. मग खालच्या खणातून त्याने एक जुनी दुर्बीण काढली. साधी, एकाच ताकदीची, कडांचा काळा रंग उडालेली. "हिची काच बघ. नवी असती तर घराच्या छपराच्या किमतीत आली असती."

"मग स्वस्त का?"

"तिघांनी नेली, तिघांनी परत आणून दिली. खोट काय म्हणून विचारलं तर एकानेही तोंड उघडलं नाही. मी स्वतः तपासली. खोट नाही."

आमुंडने दारात जाऊन ती डोळ्याला लावली. नदीपलीकडच्या चर्चच्या मनोऱ्यावरचा गंजका कोंबडा हाताशी आला. काचेत बाहेरच्यापेक्षा उजेड थोडा जास्त होता. चांगल्या काचेत तसं वाटतंच.

"घेऊन टाक रे लेका," एम्ब्रेट म्हणाला. "नाहीतर यंदाही मलाच तुझ्या पापामागे चिखल तुडवावा लागेल."

मग आमुंडने ती घेतली.

मैदानावरच्या नेमबाजीच्या वार्षिक परीक्षेत त्याच्या सगळ्या गोळ्या तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या. त्याने रायफल फळीवर आपटून पाहिली, गारठलेल्या शेडमधून काढून चुलीपाशी नेली. नेम ढळला नाही, काच धुरकटली नाही. एकच गोष्ट त्याला खटकली. मैदानामागचे भूर्जवृक्ष सप्टेंबरात असावेत तसे पिवळेधम्मक होते, पण दुर्बिणीत त्यांच्या फांद्या उघड्या दिसत होत्या. एकही पान नाही. उन्हाची तिरीप असेल, असं म्हणून त्याने रायफल पिशवीत घातली.

आमुंडचं ठाणं म्हणजे दलदलीच्या काठावरचं फळ्यांचं मचाण, बापाच्या वेळेपासूनचं. समोर, दलदलीच्या पल्याड, एका जुन्या पाइनचा रुंद खुंट होता. तो त्याच्या गोळीच्या वाटेत येतो म्हणून तिथे कधी कुणाला बसवत नसत.

शिकारीच्या पहिल्याच सकाळी कुत्री भुंकली आणि झाडीतून एक नर बाहेर आला. शिंगांवर ओलं शेवाळ लटकत होतं. आमुंडने खांद्यामागे फुली बसवली, श्वास सोडला, बोट घोड्यावर नेलं. जनावराच्या मागे, खुंटावर, कुणीतरी बसलं होतं.

त्याने झटकन नळी वळवली. माणसावर नळी धरणं हे त्या मुलुखात सगळ्यात मोठं पाप. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर खुंट मोकळा. पुन्हा काचेला डोळा लावला तर माणूस होता तिथेच. करडा कोट, खाली ओढलेली टोपी. पाठीमागचे भूर्ज उघडेबोडके, खुंटाभोवती बर्फाचे डाग. नर सावकाश चालत निघून गेला.

आमुंडने टोळीशी बोलायच्या रेडिओवर हळूच विचारलं, "समोरच्या खुंटावर कोणी आहे का?"

"तिथे कोण मरायला बसेल?" टोळीचा म्होरक्या हाल्वार्ड म्हणाला. "गोळी का नाही झाडलीस?"

दुपारी शेकोटीभोवती सगळ्यांनी त्याला धारेवर धरलं. "आमुंडने यंदा जनावरांची शिरगणती घेतलीय," एकजण म्हणाला. आमुंड हसला. ते हसण्यावारी नेणं अजून सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मादी आली. मागे तोच माणूस. या वेळी त्याच्या उजव्या हातात मोजा नव्हता. त्याने तो उघडा हात सावकाश वर केला आणि तसाच धरून ठेवला. रामराम घालावा तसा, किंवा कुणाला बोलवावं तसा. आमुंडने नळी वळवली. मादीही गेली.

"पुन्हा असं झालं तर ते ठाणं मी दुसऱ्याला देईन," हाल्वार्ड सगळ्यांसमोर म्हणाला. "बापाचं असेल, पण जंगल काही बापाचं नाही."

एम्ब्रेट मात्र हसला नाही. सॉसेज काडीवर भाजता भाजता तो शेजारी येऊन बसला.

"काय दिसतं रे तुला तिथे?"

"कुठे काय? काचेवर थेंब येतात."

"मला सांगतोस?"

"थेंब येतात म्हटलं ना!"

 एम्ब्रेटने अर्धं सॉसेज तोडून त्याच्या हातावर ठेवलं. "बरं," तो म्हणाला.

खरं सांगितलं असतं तर! पण चारचौघांत हसं होण्याची भीती माणसाला भुताच्या भीतीहून मोठी वाटते. आमुंडने सॉसेज खाल्लं आणि काडी शेकोटीत टाकली.

तिसऱ्या दिवशी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. मचाणावर चढून बसतो न बसतो तोच रेडिओवर कुणीतरी खिदळलं, "आमुंड, आज पाहुणे आलेत का? कॉफी पुरेल ना?" पाठोपाठ दुसरा हसला. आमुंडने रेडिओ बंद करून खिशात कोंबला. ठाण्यावर बसल्यावर रेडिओ बंद करायचा नसतो, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

समोर सगळं करडं झालं होतं. नुसत्या डोळ्यांना दलदलीचा मध्यही दिसत नव्हता. त्याने दुर्बिणीतून पाहिलं.

खुंटावर माणूस होता. चेहरा बर्फात पुसलेला. हात वर, मोजा नाही. या वेळी हात स्थिर नव्हता, डुलत होता.

"आज नाही," आमुंड दातांतल्या दातांत म्हणाला. "आज मी फसायचा नाही."

त्याने नळी वळवली. दुर्बिणीची दोन्ही झाकणं लावली. थर्मास उघडून कॉफी ओतली आणि खुंटाकडे पाठ करून प्यायला.

बऱ्याच वेळाने, जेवायची वेळ झाली म्हणून, त्याने रेडिओ लावला. हाल्वार्ड ओरडत होता. "एम्ब्रेट! एम्ब्रेट, ऐकतोयस का?"

"कुठे आहे तो?" आमुंडने विचारलं.

"कुठे म्हणजे? तुझ्यासमोर, खुंटावर! सकाळी रेडिओवर सांगितलं ना. त्यानेच हट्ट धरला, मी तिथे बसतो, म्हणजे आमुंडच्या जिवाला शांतता. त्या बाजूला गोळी नाही, असं बजावलं मी तुला. तू होकार दिलास म्हणून तर त्याला जाऊ दिलं."

जनावर बुजू नये म्हणून त्या टोळीत कुणी ठाण्यावरून बोलून उत्तर देत नसे. होकार म्हणजे रेडिओचं बटण दोनदा दाबायचं. टिक, टिक.

"माझा रेडिओ बंद होता," आमुंड म्हणाला.



तो दलदलीतून गुडघाभर पाण्यात धावत गेला. एम्ब्रेट खुंटावर बसला होता, हनुवटी छातीवर टेकलेली. उजवा मोजा मांडीवर होता. रेडिओ हातून निसटून पाण्यात पडला होता. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. पण लगेच गेला नाही. थोडा वेळ त्याला मिळाला असावा.

त्या दोन टिकटिक कुणाच्या, ते हाल्वार्डने एकेकाला विचारलं. कुणीच बटण दाबलं नव्हतं.

दफनानंतर एम्ब्रेटच्या बायकोने, ओलाउगने, आमुंडचा हात धरला. "तुला तो दिसत होता का रे तिथून?"

"बर्फ पडत होतं," आमुंड म्हणाला.

दुर्बीण त्याने परत केली नाही. त्या तिघांनी तोंड का उघडलं नसेल, ते त्याला आता कळलं होतं. ती रायफलसकट कपाटात कुलूपबंद झाली. योरुन रोज त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि रोज अर्धं उचलायची. एका सकाळी तो तिला म्हणाला, "जाऊन येतो." 

हंगाम संपला होता. जंगलात चिटपाखरू नव्हतं. आमुंड करडा कोट घालून, रिकाम्या हातांनी दलदलीपाशी गेला, फेरा घालून पल्याड पोचला आणि खुंटावर बसला. एम्ब्रेटला काय दिसलं असेल, ते त्याला बघायचं होतं.

मचाण स्वच्छ दिसत होतं. फळीन् फळी मोजता येत होती. म्हणजे एम्ब्रेटने त्याच्याच दिशेला हात केला होता. बर्फाची सर जरा ओसरली असेल, तर त्याची वळलेली पाठही पाहिली असेल.

आमुंड रडला. लहान पोरासारखा, आवाज करून रडला. डोळे पुसायला त्याने उजवा मोजा काढला. टोपी खाली ओढली. भोवती नुकत्याच पडलेल्या बर्फाचे डाग होते आणि भूर्जांवर एकही पान नव्हतं.

मचाणावर काहीतरी लकाकलं.

एवढंसं, गोल, काचेचं. ते त्याच्याकडे रोखलेलं होतं.

  त्याने उघडा हात सावकाश वर केला आणि तसाच धरून ठेवला.

लकाकी क्षणभर त्याच्यावर थांबली. मग ती झटकन दुसरीकडे वळली.

आमुंडने हात खाली घेतला नाही.