भात न खाणारी

"तो फ्लॉवर विकला गेलाय."

रुदैनाने हातातला फ्लॉवर आणखी घट्ट धरला आणि वळून पाहिलं. अम्मानजवळच्या सल्त गावातल्या हम्माम गल्लीत फेब्रुवारीतला बोचरा, बारीक पाऊस पडत होता. समोर एक तरुण उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दाढीत पावसाचे थेंब अडकलेले, आणि एक हात भाजीच्या पेटीवर असा ठेवलेला, जणू पेटी उठून पळूनच जाणार होती.

"कुणाला विकला?"

"मला. अख्खी पेटी घेतलीय मी."

"बाराच्या जागी अकरा मिळाले तर काय आकाश कोसळणार आहे?"

"साठ माणसांना जेवू घालायचंय, बाईसाहेब. तुम्ही एका फ्लॉवरचं काय करणार?"

"भात."

"फ्लॉवर घालून?"

"फ्लॉवरचाच. किसायचा, तव्यावर परतायचा, वरून मीठ. तांदळाचा एक दाणा नाही."

तो खळखळून हसला. "देवा! हे माझ्या काकांच्या कानावर गेलं तर ते हंड्यात डोकं घालून बसतील. चाळीस वर्षं लग्नांतून भात शिजवतायत ते!"

हसणं तसं गोड होतं, पण रुदैनाचं डोकं सटकलं. त्या दिवशी तिचं वजन होतं एकशे एकवीस किलो, आणि लोकांच्या हसण्याचे सगळे प्रकार तिला लहानपणापासून पाठ होते.

"हसा," ती म्हणाली. "तीन आठवड्यांनी अम्मानमध्ये माझ्या जठराच्या चार भागांतले तीन कापून टाकणार आहेत. तोवर भात नाही, पाव नाही, साखर नाही. आणि नंतरही नाही, हे मी माझं ठरवलंय. अजून हसायचंय?"

बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. घरात तर आईने तंबीच दिली होती की कुणी विचारलं तर पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणायचं. सल्तमध्ये त्या वर्षी जेवढी पित्ताशयं निघाली, तेवढी माणसं तरी गावात होती का कोण जाणे! पण हा तर अनोळखी. पुन्हा कुठे भेटणार होता?

आता हा दोनांपैकी एक वाक्य बोलणार, हे तिला माहीत होतं. एक तर 'अहो, तुम्ही अशाच छान दिसता,' नाहीतर 'थोडं तोंड आवरलं असतं तर...' दुसरं बोलला असता तर फ्लॉवर त्याच्या डोक्यातच बसला असता.

तो म्हणाला, "मटण चालतं?"

"...चालतं."

"हाडांचं अळणी सूप?"

"ऑपरेशननंतर सुरुवातीला तेच. गाळून."

"मग ते माझ्याकडे लागलं." त्याने तिच्या हातातला फ्लॉवर काढून घेतला, पेटीतला दुसरा, मोठा, तिच्या पिशवीत टाकला. "हा न्या. तो किडका होता. माझं नाव सुहैब."

ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी रुदैनाने शिवणाचं दुकान उघडलं. गावातल्या निम्म्या बायकांचे भरतकामाचे झगे तिच्या हातून जायचे. कुणाच्या झग्याला बाजूला किती माया सोडलीय आणि दरवर्षी ती किती उसवावी लागते हे तिला ठाऊक होतं, पण कुणाचं माप तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्याच बायका तिच्या दुकानात उभ्या राहून तिच्याच मापावर बोलायच्या, तो भाग वेगळा.

बाराच्या सुमाराला दारात सुहैब. हातात फडक्यात गुंडाळलेली बरणी.

"पत्ता कसा मिळाला?"

"बाजारात विचारलं, फ्लॉवरसाठी भांडणारी कोण? तीन जणांनी बोट दाखवलं." त्याने बरणी ठेवली. "रात्रभर मंद आचेवर ठेवलंय. वर चरबीचा तवंग राहू दिला नाही. एकदम प्यायचं नाही ना?"

"तीन-तीन मिनिटांनी एक घोट."

"मग मधल्या वेळात काय करता?"

"शिवते."

"आणि कुणी समोर बसलं असेल तर?"

"तर टाका चुकतो," रुदैना म्हणाली आणि सुई खाली ठेवली.

तो रोज येऊ लागला. सुपानंतर मऊ अंडी आली, मग दाट दही, मग वाफवलेला मासा, मग नखाएवढे मटणाचे तुकडे. एवढे बारीक तुकडे कापताना त्याची बोटं दोनदा कापली. जेवताना पाणी प्यायचं नाही, घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा, पोट भरलं की तिथेच थांबायचं. हे सगळे नियम त्याला तिच्याआधी पाठ झाले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"किती चावतेस गं! तेवढ्यात मी एक लग्न उरकून आलो असतो."

"कुणाचं?"

"...ते अजून ठरायचंय," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

हे असं गोडीगुलाबीने चाललेलं असताना मे महिन्यात रुदैनाच्या मावसबहिणीचं लग्न आलं. लग्नाचं जेवण म्हणजे मन्सफ, आणि तो अर्थात सुहैबच्या काकांचा, हाज मुतलकांचा. मोठमोठ्या परातींत भात, त्यावर मटण, वरून दह्याचा गरम रस्सा. रुदैनाने मटणाचे दोन तुकडे उचलले आणि परातीपासून मागे सरकली. झालं! मावशी अंगावरच आली.

"अगं, हे काय? आज बहिणीचं लग्न आणि तू भाताला तोंड लावत नाहीस? पित्ताशय काढलंय ना, गळा तर नाही काढला!"

सगळ्या हसल्या. आई डोळे मोठे करून बघत होती. रुदैनाने घास घेतला, मावशीने लगेच दुसरा तिच्या तोंडात कोंबला. तीन महिन्यांनी पोटात भात, तोही घाईघाईत. पाच मिनिटांत छातीत दगड बसल्यासारखं झालं आणि ती मागच्या दाराने धावत सुटली.

सुहैबला ती हंड्यांच्या मागे, पायरीवर सापडली. सगळं उलटून पडलं होतं, चेहरा पांढराफटक, डोळ्यांतलं काजळ गालावर. त्याने ओला रुमाल दिला आणि शेजारी बसला.

"माझं अठ्ठावीस किलो वजन उतरलंय," ती म्हणाली. "आणि मी दोन घासांना घाबरते. का? तर लोकांना खरं सांगायचं नाही म्हणून! मी चोरी केलीय का सुहैब? कुणाचं पोट कापलं? माझंच ना?"

"मला तर तू पहिल्याच दिवशी सांगितलंस."

"तू परका होतास."

"आणि आता?"

आत बायकांनी गाणं धरलं होतं.

"आता..." ती रुमालात तोंड लपवत म्हणाली, "आता तू विचारतोस कशाला? तुला दिसत नाही?"

"दिसतं. पण ऐकायचंय."

"आवडतोस. झालं? अशा अवतारात कुणी विचारतं का!"

सुहैब एवढा हसला की हंड्याला टेकावं लागलं. मग एकदम गंभीर झाला. "पुढच्या महिन्यात काकांना घेऊन तुझ्या घरी येतो. वडिलांनंतर त्यांनीच वाढवलं मला. फक्त... एक आहे."

"काय?"

"त्यांनाही मी पित्ताशयच सांगितलंय."

रुदैनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पायरीवरून उठलाच.

"तूसुद्धा?"

"रुदैना, तुला काका माहीत नाहीत. त्यांच्या परातीतला भात ज्याने नाकारला, त्याच्या दारात ते पुन्हा जात नाहीत. सख्ख्या मेहुण्याशी अकरा वर्षं अबोला आहे! मला वाटलं, लग्न होऊन जाऊ दे..."

"म्हणजे लग्नानंतर आयुष्यभर मी पित्ताशय नसलेली बाई? येण्याआधी त्यांना सांग. मी लपून नांदणार नाही."

"सांगतो," तो म्हणाला.

त्याने सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचा आणि रोज हंड्याशी उभं राहिल्यावर काकांचं तोंड बघून गप्प बसायचा. रुदैना रोज विचारायची आणि तो रोज म्हणायचा, उद्या नक्की. एवढा उंचापुरा गडी, पण काकांसमोर मांजर.

जूनमधल्या शुक्रवारी वीस पुरुष मागणी घालायला आले. रुदैनाचे वडील, अबू मुराद, एके काळी अम्मानची बस चालवायचे. मोजकंच बोलणारा माणूस. बैठकीच्या खोलीला लागून आतली खोली, तिचं दार किलकिलं, आणि दारामागे रुदैना नि तिची आई, त्यांच्या मागे दोन्हीकडच्या बायका. सुहैब मान खाली घालून बसलेला. त्याच्या चेहऱ्यावरूनच रुदैनाला कळलं की आजही काकांना काही माहीत नाही. तिला त्याचा असा राग आला की हातातली बांगडी वाकली.

"आणि ऐक," आई कुजबुजली. "कॉफी झाली की कुनाफा येईल, साखरेच्या पाकात बुडवलेला. त्यांच्या घरची बाई घास भरवेल. निमूट गिळ. एका घासाने काही मरत नाहीस."

बाहेर हाज मुतलकांच्या हातात कडू कॉफीचा फिंजान, छोटा पेला, दिला गेला. त्यांनी तो ओठाला न लावता समोरच्या मेजावर ठेवला. मुलीकडच्यांनी होकार देऊन 'कॉफी प्या' म्हणेपर्यंत पाहुणा फिंजानला हात लावत नाही. न पिता उठला तर दोन घरांचा संबंध तुटला.

"अबू मुराद," हाज मुतलक खणखणीत आवाजात म्हणाले, "तुमची रुदैना आमच्या सुहैबसाठी मागायला आलोय. आमचं घर म्हणजे परातीचं घर. पोरीचं पित्ताशय काढलंय, जरा अशक्त आहे, ऐकलंय मी. काळजी करू नका. लग्नाच्या दिवशी भाताचा पहिला घास मी माझ्या हाताने भरवणार, बघा कशी टुणटुणीत होते!"

वाहवा झाली. वडिलांनी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा, बाबा."

दार उघडून रुदैना उंबऱ्यात उभी होती. आईने मागून झगा ओढला, पण त्या झग्याची शिवण पक्की होती.

"काका, माझं पित्ताशय जागेवर आहे," ती म्हणाली. "मी वजनासाठी जठर कापून घेतलंय. भात खात नाही, पाव खात नाही. लग्नाच्या दिवशीही खाणार नाही. कुणाला मागताय ते आधी कळू दे, मग मागा."

हाज मुतलकांनी सावकाश मान वळवली. "सुहैब?"

सुहैब उभा राहिला. मागणीच्या बैठकीत नवऱ्या मुलाने बोलायचं नसतं, पण तो बोलला. "खोटं मी सांगितलं, काका. तिने नाही. तिने मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. मला तुमची भीती वाटली... आणि मला तिच्याशीच लग्न करायचंय."

"म्हणजे तीन महिने मी पहाटे उठून नळीची हाडं निवडून देत होतो, ती कुठल्या पित्ताशयासाठी?" म्हातारा गरजला. कुणीतरी हसू दाबलं. मग ते रुदैनाकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "पोरी... माझा भात वाईट असतो का गं?"

या प्रश्नाची रुदैनाने तयारी केली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"काका, तुमच्या भाताची चव या खोलीत माझ्याएवढी कुणाला ठाऊक नसेल. प्रत्येक लग्नात तीन-तीन ताटं खाल्लीत मी. आमच्या घरापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या आहेत, आता चढून आलात ना? चार महिन्यांपूर्वी मी तीनदा बसायचे मध्ये. परवा एका दमात चढले आणि वर येऊन एकटीच रडले. मला ते परत द्यायचं नाही, तुमच्यासाठीही नाही. तुमच्या हातचं मटण खाईन, नखाएवढं, पण रोज खाईन. तेवढं पुरत असेल तर बघा."

हाज मुतलकांनी मेजावरच्या फिंजानकडे पाहिलं. कॉफीवरची वाफ केव्हाच गेली होती. सुहैब अजून उभाच, बस म्हणायला कुणाला सुचलं नाही. म्हाताऱ्याने गुडघ्यांवर हात टेकले... उठतात की काय? रुदैनाने पाय मागे घेतला नाही.

ते उठले नाहीत. नीट सावरून बसले आणि घसा साफ केला.

"अबू मुराद, मघाची मागणी मी मागे घेतो. ती दुसऱ्याच कुणासाठी होती. आता नव्याने मागतो. आमच्या सुहैबसाठी तुमची ही मुलगी द्या. ही, भात न खाणारी, उंबऱ्यात उभी राहून भांडणारी."

सगळ्यांच्या नजरा वडिलांकडे. ते उठले, बायकोकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"इथवर तीच बोललीय," ते म्हणाले. "पुढचंही तिनेच बोलावं."

असं सल्तमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. रुदैनाने सुहैबकडे पाहिलं. त्याचा राग होता, अजून बराच होता, आणि तो सावकाशीने काढायला आता अख्खा जन्म मिळणार होता.

"कॉफी प्या, काका," ती म्हणाली.

हाज मुतलकांनी थंडगार फिंजान उचलला आणि एका घोटात रिकामा केला. आत बायकांचा एकच जल्लोष उठला. वीस पुरुषांसमोर सुहैब वेड्यासारखा तिच्याकडे बघत हसत होता.

"डोळे खाली घाल गं," आई मागून पुटपुटली. "लोक बघतायत."

तिने घातले नाहीत.