छापखानेवाल्याच्या घरातली टेप

गुप्त पोलिसांचं तळघर चौकशी आयोगानं उघडलं आणि वीस वर्षं बेपत्ता असलेल्या छापखानेवाल्याचा आवाज एका टेपवर सापडला.

आयोगाच्या अधिकारी बाईंनी तिघांना बोलावलं. त्याची बायको, धाकटा भाऊ आणि घरचे जुने वकील. बायको दिराकडे पाठ करून बसली. नवऱ्याची लपायची जागा यानंच फोडली, हे तिच्या मनानं कधीचं धरलं होतं.

"वहिनी, त्या दिवशी..."

"तू तोंड उघडू नकोस! सावलीसुद्धा नको तुझी."

"मॅडम, यात शोधायचं काय राहिलंय?" वकील म्हणाले. "जागा ठरली तेव्हा घरात नवरा, बायको आणि हा भाऊ, तिघंच होते."

"तुम्ही कुठे होतात?"

"परगावी. कोर्टाच्या कामाला."

बाईंनी बटण दाबलं. "बैठकीच्या दिव्यात माइक बसवला होता. ऐका."

खरखर. मग छापखानेवाला: "जागेचं नाव घेत नाही. लिहून दाखवतो." कागद सळसळला. भावाचा रडवेला आवाज: "दादा, नको ना जाऊस." मग बायको: "हे माझं ऐकायचे नाहीत. तुम्ही तरी समजवा ना!" कुणी उत्तर दिलं नाही. खुर्ची करकरली. टेप संपली.

"झालं की!" वकील म्हणाले. "कागद भावानं वाचला."

बाई वहिनींकडे वळल्या. "दिराला कधी 'तुम्ही' म्हणालात?"

"याला? लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होता हा. नाक पुसलंय मी याचं."

"आणि 'हे' म्हणजे तुमचे यजमान. मग 'तुम्ही तरी समजवा' हे कुणाला म्हणालात?"

वहिनी गोंधळल्या.

"खोलीत चौथा माणूस होता. मानाचा. त्यानंही कागद वाचला. पण टेपभर एक शब्द बोलला नाही, कारण माइक आहे हे त्याला ठाऊक होतं. आपला आवाज टेपवर नको होता त्याला."

वहिनींनी वकिलांकडे पाहिलं. "मी यालाच धरून बसले, तुमची आठवणच झाली नाही! त्या दिवशी घसा बसलाय म्हणून खुणा करत होतात. मी गरम पाणी करून दिलं. वकीलसाहेब, तुम्ही!"

वकील खुर्चीतून अर्धे उठले. "गुप्त पोलीस माझी वकिली बंद पाडणार होते. फक्त पत्ता मागितला होता, वहिनी."

"कुठे नेलं यांना?" वहिनींनी विचारलं.

"मला नाही माहीत. खरंच नाही. मी परत विचारलंच नाही."

बाईंनी दारावरच्या शिपायाला हाक मारली. वकिलांना बाहेर नेलं, मागोमाग बाईही गेल्या.

खोलीत दोघंच उरले. वहिनी दिराकडे वळल्या.

"आई गेली तेव्हाही मला दारातूनच परत पाठवलंत," तो म्हणाला. "तिचं तोंड पाहू दिलं नाहीत."

तो उठला. त्यांनी मागून हाक मारली, दोनदा. तो जिना उतरून गेला.