पार्वताबाईची लय

गोंदिया जिल्हा वेगळा निघाला त्याच साली तेजराम मास्तर पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन भंडाऱ्याजवळच्या शहापूरला परतले. आल्याआल्या त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारी माणसं गोळा केली आणि त्यांना कागदावरचे सूर वाचायला शिकवलं. लगीनसराई सरली की ही मंडळी तशी मोकळीच असायची. काही वर्षांनी एका पावसाळ्यात मास्तरांनी मनातली गोष्ट बोलून दाखवली. पलटणीत असताना ऐकलेली एक जर्मन सिंफनी त्यांनी व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आणि कॉर्नेट ही बँडमधली फुंकायची वाद्यं घालून लिहून काढली होती. चार भागांची. धानाची रोवणी आटोपली की विहाराशेजारच्या समाजमंदिरात ती गावाला ऐकवायची होती.

घराला लागून टिनाचा शेड होता. दुपारी तिथे तालीम चाले. हायवेवरून ट्रक गेला की टिनं थरथरायची, चिखलाचे पाय दाराशी धुतलेले असायचे, आणि मास्तर हातात काडी घेऊन एकाच गोष्टीसाठी अडून बसलेले असायचे. लय. सूर चुकला तर एक माणूस चुकतो, ते म्हणत, लय चुकली तर अख्खी चीज दुसरीच होते. दुसरा भाग सगळ्यांत नाजूक. चालत्या माणसाच्या लयीत लिहिलेला. जरा घाई केली की त्याची वरात व्हायची, जरा रेंगाळला की मयत.

भिंतीपलीकडच्या खोलीत पार्वताबाई, त्यांची बायको, खाटेवर पडून असायची. हृदय थकलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला आणि जपायला सांगितलं होतं, त्याहून जास्त काही नाही. सून खुशबू तिच्याजवळ बसायची.

एका दुपारी तालीम संपल्यावर खुशबू शेडच्या दारात आली.

"मामाजी, आज दुसरा भाग जलद घेतला काय? आईले भलताच दम लागला होता."

घेतला होता. कॉर्नेटवाल्या कैलाशची तक्रार होती की एवढ्या संथ लयीत लांब सुरांना छाती पुरत नाही. म्हणून मास्तरांनी लय किंचित चढवली होती. योगायोग, ते म्हणाले. त्यांच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले उतारे, अंगारे, भूतखेत सगळं बाहेर काढलं होतं. ते परत आत घ्यायला मास्तर तयार नव्हते.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी लय उतरवली. कैलाशचा चेहरा लाल झाला. खुशबूनं सांगितलं, आई किती दिवसांनी गाढ झोपली.

मग त्यांनी काडी कैलाशच्या हाती दिली आणि स्वतः आत जाऊन खाटेजवळ उभे राहिले.

पार्वताबाईचे डोळे मिटलेले होते. भिंतीपलीकडून क्लॅरिनेट उठली, तशी तिची छाती उठली. सूर टेकला, तशी टेकली. ओळ पुरी झाली, बँड दोन क्षण थांबला, तेव्हा तिचा श्वास आपला आपण नेहमीसारखा चालला. मास्तरांना जरा बरं वाटलं. पुढची ओळ सुरू झाली. अर्ध्यावर कोणीतरी सूर खाल्ला आणि कैलाशनं सगळ्यांना थांबवलं. त्याचं बोलणं ऐकू येत होतं, कोणाला तरी समजावत होता.

पार्वताबाईची छाती वरच राहिली होती.

तिचे ओठ जरा उघडले. नखं निळसर दिसायला लागली. मास्तरांनी भिंतीवर थाप मारली, मग कैलाश म्हणून हाक मारली. पलीकडे कुणी पायानं ठोका दिला, क्लॅरिनेट सोडलेल्या जागेवरून पुढे निघाली, आणि पार्वताबाईनं श्वास सोडला.

त्यानंतर मास्तर ओळ कधी अर्ध्यात तोडेनात. चूक झाली तरी वाजवू देत आणि मग शेवटी सांगत. तिसरा भागही त्यांनी उतरवला. वाजवणारे कुरकुरले, पण मास्तरांपुढे कोण बोलणार. बोलला तो कैलाशच, तोही चौथ्या भागावर. चौथा भाग धावता होता. त्यातले सूर आखूड, उसळणारे. मास्तरांनी तोही चालत्या लयीत बसवायला घेतला आणि ते सूर ओल्या मातीच्या ढेकळांसारखे जागच्या जागी पडायला लागले. कैलाश हळूच म्हणाला, "मास्तर, धावणाऱ्याले चालवलं तं तो लंगडते."

त्यांनाही ते दिसत होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ते खाटेवर बसून पार्वताबाईचे पाय चेपत होते. त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं. तीच बोलली.

"तुमचा हात मले समजते. भिंतीच्या पलीकडून समजते. लगन झालं तवापासून समजते."

मास्तर पाय चेपत राहिले.

"उद्या शेवटचा भाग हळू घेऊ नोका," ती म्हणाली. "लिवला तसा घ्या."

"तुले झेपणार नाई, पारबता."

"मी हळूहळू चालून कटाळली. एकडाव मले धावू द्या."

त्यावर त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फक्त तिचे पाय पांघरुणाखाली झाकले.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना समाजमंदिर भरलं. रोवणीनं आंबलेली माणसं, बाया, मांडीवर लेकरं. खुशबूनं पार्वताबाईला खुर्चीत बसवून पुढच्या रांगेत आणलं होतं. तिनं निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसलं होतं. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. वाजवून घेणाऱ्याला सगळ्यांचं तोंड दिसतं, ज्याच्यासाठी वाजवायचं त्याचंच दिसत नाही.

तीन भाग झाले. दुसऱ्या भागात कैलाशचा लांब सूर असा टिकला की मागची कुजबुज थांबली.

मास्तरांनी काडी उचलली. सगळे डोळे त्यांच्या मनगटावर. त्या मनगटातून कोणती लय निघणार, हे कैलाशलाही माहीत नव्हतं.

त्यांनी हात सोडला.

लिहिला तसा.

क्लॅरिनेट उसळल्या. ड्रमवाला हसायला लागला. सूर एकमेकांच्या मागे पळाले, बांधावरून उड्या मारत जाणाऱ्या पोरींसारखे. मागे खुर्ची करकरली. त्यांनी वळून पाहिलं नाही. हात थांबवला असता तर ती अर्ध्यात अडकली असती.

ते फक्त तिच्यासाठी धावले. अजून थोडं. अजून थोडं.

शेवटचा सूर.

काडी खाली आली.

टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा ते वळले. पार्वताबाई खुर्चीतून उठून उभी होती. गाल लाल, पदर खांद्यावरून घसरलेला, धापा टाकत हसत होती. स्वतःच्या धापा, कुठल्याही सुराशी न जुळणाऱ्या. खुशबू रडत होती.

मास्तर तिच्यासमोर गेले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं.

पार्वताबाईचं हसू मावळलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग छातीकडे.

"आन तुमी?" ती अगदी हळू म्हणाली. "तुमी कवा घेतला श्वास?"

त्यांनी आठवून पाहिलं. चौथा भाग सुरू व्हायच्या आधी कधीतरी. त्यानंतर नाही. आणि त्यांना काही जाचतही नव्हतं. फक्त आत फार शांत होतं.

पार्वताबाईनं त्यांचा हात धरला. आपलं बोट त्यांच्या मनगटावर ठेवलं आणि टेकवत, उचलत, टेकवत राहिली. चालत्या माणसाच्या लयीत. तेव्हा कुठे मास्तरांची छाती उठली.

सकाळी खुशबू चहा घेऊन खोलीत गेली. दोघं शेजारी शेजारी झोपली होती. सासू गाढ झोपेत होती, तोंड जरा उघडं, घोरत होती. तिचं बोट मात्र सासऱ्यांच्या मनगटावर चालूच होतं. टेकत, उठत. तिचा हात अवघडेल म्हणून खुशबूनं तो अलगद उचलून बाजूला ठेवला.

ती थोडा वेळ सासऱ्यांच्या न उठणाऱ्या छातीकडे बघत उभी राहिली.

मग घाईघाईनं तो हात होता तिथेच ठेवला, आणि चहा तसाच घेऊन पाय न वाजवता बाहेर आली.