दुर्बिणीत सुलटा

बसा मॅडम. ती लांबट पिशवी कोपऱ्यात टेकवा, पडणार नाही. नकाशा आणलात ना? तो पाहूच. पण तुमच्या तोंडावरून कळतंय की तुम्ही नुसता नकाशा दाखवायला आलेल्या नाहीत. चहा घ्या आणि आधी माझं ऐका. तुमच्या जागेवर मी एकतीस वर्षं मोजणी केली आहे, तेव्हा मोजणीवाल्याला काय छळतं ते मला कोणी शिकवायला नको.

पिकं निघाली आणि शेतं मोकळी झाली की आमचा हंगाम. चार महिने पायाला भिंगरी. माझा तोरा असा की मी लावलेला दगड वरच्या साहेबानेही हलवायचा नाही. आज तो तोरा निम्मा उरलाय, तरी उरलाय.

तेव्हा तुमच्यासारखी पडद्याची यंत्रं नव्हती. तीन पायांवर दुर्बीण, आणि वीस मीटरची लोखंडी साखळी. साखळीबरोबर दहा सुया. सुई म्हणजे हातभर लोखंडी सळई, डोक्याला कडी आणि कडीला लाल चिंधी. पुढचा माणूस एकेका साखळीला एकेक सुई रोवत जाणार, मागचा ती उचलत येणार. शेवटी मागच्याच्या हातातल्या सुया मोजल्या की किती साखळ्या झाल्या ते कळलं. पोरखेळ आहे, पण सगळ्या जिल्ह्याच्या हद्दी त्यावर उभ्या आहेत.

आणि त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. झाडं खाली लोंबायची, माणसं डोक्यावर उभी. पहिले आठ दिवस गरगरतं, मग डोळा सरावतो. पुढं पुढं तर सुलटं जगच थोडं खोटं वाटायला लागतं.

माझ्याकडे एक झेंडीवाला शिपाई होता. उंच, काटकुळा. झेंडी धरून गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ उभा राहायचा, म्हणून आम्ही त्याला ओळंबा म्हणायचो. गुडघे दुखायचे म्हणून निलगिरीचं तेल चोळायचा. तो मागून आला तरी वासावरून कळायचं. बोलणं कमी, काम चोख.

एका वर्षी दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. कोपऱ्याच्या दगडापासून सात साखळ्यांवर नवा दगड बसवायचा. दुसरा शिपाई रजेवर, म्हणून साखळीचं मागचं टोक मीच धरलं. ओळंबा पुढं. मी चालता चालता थोरल्या भावाशी गप्पा हाणत होतो. शेवटी हातातल्या सुया मोजल्या, सात भरल्या. म्हटलं, बसवा दगड.

ओळंबा जवळ आला. हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या हातात दोन उरल्यात."

"मग?"

"दहा घेऊन निघालो होतो. म्हणजे मी आठ रोवल्या. तुमच्या हातात सात आहेत. एक गवतात राहिली. एकदा परत मोजू या का?"

माझी शेवटची बस होती. लोकांसमोर शिपायाने माझी चूक काढलेली, ते तर मला मिरचीसारखं झोंबलं. मी म्हणालो, "निघतानाच नऊ घेतल्या असशील. मला शिकवू नकोस." दगड बसला. कचेरीत येऊन वहीत लिहिलं, शिपायाच्या निष्काळजीपणामुळे एक सुई गहाळ. त्याने खाली सही केली. हंगाम संपता संपता तापाने गेला. मी त्याच्या घरी गेलो नाही. लाज वाटायला हवी होती, तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

बारा वर्षं गेली. त्या शेतांत भाऊ जुन्या बांधाप्रमाणेच वहिवाट करत होते, माझा दगड झुडपात पडून होता. धाकट्याने बांधाच्या आपल्या बाजूला विहीर खणली, रोपवाटिका लावली, आणि मग तो वारला. बायको ती रोपवाटिका एकटीने चालवत होती. थोरल्याच्या हातात जुना नकाशा पडला, त्याने मोजणीचा अर्ज केला. माझ्या दगडाप्रमाणे विहीर त्याच्या वाट्यात जात होती.

मी गेलो तेव्हा ती बाई विहिरीपाशी उभी होती. हात मातीने भरलेले. म्हणाली, "भाऊ, विहीर गेली तर चार दिवसांत रोपं करपतील. मग मी आणि पोरी कुठं जायचं तेवढं सांगून जा."

"ताई, मी आपल्या मनाने काही ठरवत नाही. दगड सांगेल ते," मी म्हणालो. केवढ्या रुबाबात म्हणालो.

भरदुपार होती. वारा पडलेला. कोपऱ्याच्या दगडावर दुर्बीण लावली. नवा झेंडीवाला, चांगला गुबगुबीत गडी, माझ्या जुन्या दगडावर जाऊन उभा राहिला. मी डोळा लावला. तो दिसला, डोक्यावर उभा, जसा दिसायला हवा तसा.

आणि त्याच्या अलीकडे आणखी एक माणूस होता. उंच, काटकुळा, हातात झेंडी.

तो सुलटा होता.

मी डोळा काढून नुसत्या नजरेने पाहिलं. रिकामं शेत. काच पुसली. पुन्हा पाहिलं. आभाळ खाली, जमीन वर, गुबगुबीत गडी लोंबतोय, आणि मध्ये हा एकटा पाय खाली, डोकं वर. त्याच्या पायांखाली आभाळ होतं... पण तो उभा होता, ओळंब्यात.

मी भित्रा माणूस नाही, मॅडम. एकट्याने रानात राहिलोय. पण तेव्हा घाबरलो. दुर्बीण पूर्ण फिरवून पुन्हा त्याच रेषेवर आणली. तो तिथंच. मग त्याने झेंडी काखेत धरली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि सावकाश खाली आणले.

ती खूण म्हणजे 'हीच जागा, पक्की कर'. मोजणीवाला ती झेंडीवाल्याला करतो. मी त्याला हजार वेळा केली असेल. त्याने मला कधी केली नव्हती.

तेवढ्यात अगदी कानाशी निलगिरीचा वास आला. मागून कोणीतरी हळू म्हणालं, "साहेब... एकदा परत मोजू या का?"

मागे वळलो नाही. वळायचं धाडसच झालं नाही, खोटं कशाला बोलू. तसाच ओरडलो, "साखळी काढा. पहिल्यापासून मोजायचं."

या खेपेला गप्पा नाहीत. प्रत्येक सुई मोठ्याने मोजली. सातवी साखळी संपली तिथं माझा दगड नव्हता. तो आणखी वीस मीटर पुढं होता, विहिरीच्या पलीकडे. मी गड्याला म्हणालो, "इथं खण." वीतभर खाली कुदळ खणकन वाजली. गंजलेली सुई, मातीत उभीच्या उभी. कडीला चिंधीचा तुकडा.

थोरला भाऊ म्हणाला, "साहेब, दगड तुमचाच ना? सही तुमचीच ना?"

"हो. चूकही माझीच."

बाई मटकन बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिथल्या तिथं अहवाल लिहिला. मागच्या मोजणीत माझ्याकडून सातवी सुई उचलायची राहिली, दगड एक साखळी पुढं बसला, विहीर धाकट्याच्या वाट्यातली. कचेरीत ती जुनी वही शोधून ओळंब्याच्या नावावरचा निष्काळजीपणा खोडला आणि शेजारी माझं नाव घातलं. बढती तीन वर्षं अडली. अडू दे. त्या रात्री मी गाढ झोपलो.

पुन्हा तो मला कधी दिसला नाही. निवृत्त झालो तेव्हा कचेरीने ती सुयांची जुडी मलाच देऊन टाकली. या कपाटात आहे, पाहा. नऊ चकचकीत आणि एक गंजलेली, दहा. जुडी पूर्ण झाली, हिशेब मिटला, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो.

आता तुमचा नकाशा द्या. हं. सही माझीच. साल... ओळंबा गेला त्याच्या आदल्या हंगामाचं. हे शेत मला आठवतं. इथंही मागचं टोक मीच धरलं होतं. पण सुया बरोबर भरल्या होत्या, मॅडम. दहाच्या दहा परत आल्या होत्या, मी वहीत लिहिलंय.

तुमच्या नव्या यंत्रात सगळं सुलटं दिसतं, नाही का? मग मान खाली घालू नका, सरळ सांगा. तुम्हाला शेतात जो दिसला... तो उलटा होता ना?

बरं. चहा राहू दे. पिशवी उघडा. मघाशी टेकवलीत तेव्हा लोखंड वाजलं, तेव्हाच मी ओळखलं. तो उभा होता तिथं खणलंत आणि हे निघालं, असंच ना?

हातभर सळई. डोक्याला कडी. कपाटात दहा आहेत, आत्ताच मोजल्या तुमच्यासमोर. गंजाचा ठिपका नाही हिच्यावर. चिंधी तर आज बांधल्यासारखी लाल आहे, आणि ओली. नाकाशी नेऊ नका. वास मला इथवर येतोय.

माझी चप्पल दाराशी आहे. गाडी काढा, उजेड आहे तोवर ते शेत परत मोजू. साखळीचं मागचं टोक तुम्ही धरा... पुढं कोण आहे, ते पाहायचं नाही.