सरकार बसले, पळवा!

"चावी द्या, आप्पा!"

मुलाने हात पुढे केला, पण नजर भिंतीवरच्या घड्याळावर ठेवली. वडिलांच्या डोळ्याला डोळा न भिडवण्याची ही युक्ती त्याने आई गेल्यापासून जपली होती. बाहेर फाटकाशी गाडी बघायला आलेली गिऱ्हाईक बाई, पेशाने दातांची डॉक्टर, गाडीभोवती फेऱ्या मारत होती. टायरला पायाने ठोकून बघत होती... आणि आप्पांची मूठ खिशातल्या चावीवर अशी आवळली गेली होती, की जणू ती चावी नव्हतीच, कुणाचा तरी हात होता!

"देतो रे," आप्पा म्हणाले. "एकदा आतून पुसून घेतो. मळकी गाडी दाखवायची म्हणजे..."

"ती दाखवायला नाही, विकायला काढलीय. तुम्हाला आता नीट दिसत नाही, पाय लगेच उचलत नाही. आणि खरं सांगू? मला ती या घराच्या दारात उभी बघवत नाही!"

शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज चिरकला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या ताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, पदराने डोळे टिपले. आप्पांनी खिशातला हात बाहेर काढला नाही. न बोलण्याची त्यांना आता इतकी सवय झाली होती, की बोलणंच परकं वाटायचं.

आप्पांचा खुर्च्यांचा कारखाना होता. घराच्या मागेच वखार, तिच्या पलीकडे यंत्रं. उभं आयुष्य लोकांना नीट बसवण्यात गेलं, असं ते स्वतःच म्हणायचे. त्यामुळे गाडी घ्यायची ठरली तेव्हा सगळं जग इंजिन बघत होतं आणि आप्पा मात्र सीटच्या शिवणीवर अंगठा फिरवत बसले होते. विक्रेता पोरगा घसा कोरडा करून सांगत होता, की साहेब, ही नुसती मोठी गाडी नाही, ही शर्यतीच्या गाडीच्या पोटची आहे, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभरावर जाते! आणि मागून बायकोचा आवाज आला होता, "अहो, मग घ्या की! माझ्या कंबरेलाही ही मानवली."

बायकोला आप्पा 'सरकार' म्हणायचे. लग्नानंतर नव्या नवलाईत थट्टेने म्हणाले होते, ते चिकटलं ते चिकटलंच. आणि सरकारांना वेगाचं वेड! लग्नाच्या पहिल्या वर्षी मोटरसायकलवर मागे बसून नवऱ्याच्या पाठीत बुक्के घालणारी बाई ती. "अहो, पळवा ना! एवढ्या हळू जायचं तर मी चालत आले असते!" पुढे मुलं झाली, कंबर धरली, केस पिकले, पण "पळवा" काही सुटलं नाही. जित्याची खोड!

त्या गाडीने या घराला काय दिलं नाही? हिशेबी माणसाने तिच्यावर टीकाच केली असती. पेट्रोल ती पाण्यासारखी प्यायची. पंपावरचा माणूस तर आपल्याला जावई समजतो, असं सरकार म्हणायच्या, लांबून दिसलो की धावत येतो! सर्व्हिसिंगची वेळ आली की आप्पांचा चेहरा मुलीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा व्हायचा. गल्लीच्या कोपऱ्यावर वळवताना शेजारच्या मास्तरांच्या कुंड्या आत घ्याव्या लागायच्या. पण त्याच गाडीतून ताईच्या संसाराचं कपाट गेलं, ओले कुत्रे आले, तापाने फणफणलेली नातवंडं आली, समुद्रावरची अर्धी वाळू आली. एक बटण दाबलं की ती गाडी हलकेच खाली बसायची, चढणाऱ्याला पाय उचलायला त्रास नको म्हणून... "बघा, एवढी दांडगी, पण मला बघून वाकते!" असं म्हणत सरकार दुखरा पाय सावरत आत चढायच्या, आणि आप्पांना वाटायचं, आयुष्यात आणखी काय हवं?

आणि गाडीत बसल्याची हजेरी! तिचीही एक कथाच आहे. गाडी घेतली त्या पहिल्याच प्रवासात ही मंडळी पंपावर उतरली, चहा प्यायली, पुन्हा बसली आणि निघाली. शेवटच्या सीटवर शालींचा ढीग होता. सगळ्यांना वाटलं, सरकार पांघरून झोपल्यात. गाडी इतकी प्रशस्त आणि इतकी बिनआवाजी, की आत माणूस आहे की नाही याचा पत्ता लागू नये! बरंच अंतर गेल्यावर ताईने शालीला काहीतरी विचारलं, शालीने उत्तर दिलं नाही, आणि मग गाडीत जो हलकल्लोळ झाला! धापा टाकत परत गेले, तर सरकार पंपावरच्या खुर्चीत पायावर पाय टाकून बिस्किटं खात बसलेल्या. "या! मला वाटलं, परस्पर दुसरी आणायला गेलात."

तेव्हापासून घराचा कायदा झाला. प्रत्येकाने 'बसलो', 'बसले' असं मोठ्याने म्हटल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आधी मुलगा, मग ताई, मग नातवंडांचा गोंधळ, आणि सगळ्यात शेवटी मागून ठसक्यात आवाज यायचा, "सरकार बसले, पळवा!"

...त्या शेवटच्या दिवशीही आला होता तो आवाज. पण किती क्षीण!

सकाळची वेळ. सरकार ओट्याशी उभ्या असताना एकदम डोकं धरून खाली कोसळल्या. रुग्णवाहिकेला वेळ लागेल म्हणाले, म्हणून मुलाने आईला उचलून गाडीत ठेवलं, स्वतः मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आप्पा पुढे स्टिअरिंगशी बसले. चावी फिरवली, आणि मागून ओठातल्या ओठांत शब्द आले... "बसले... पळवा..."

आणि आप्पांनी पळवली! देवाशपथ पळवली! पण पुलाच्या तोंडाशी, जिथे रस्ता खचला होता तिथे, पुढचं डावं चाक दाणकन आपटलं. समोर लाल दिवा लागला. गाडी डावीकडे ओढायला लागली, स्टिअरिंग हातातून निसटू लागलं. हवा गेली तरी सावकाश रांगू शकेल असा तो टायर होता, पण सावकाशच! वेग वाढवला की गाडी कठड्याकडे झेपावत होती. आत सगळं जग होतं आप्पांचं... बायको, मुलगा! दात आवळून त्यांनी काटा चाळिसावर धरला.

"आप्पा, पळवा ना! अहो, एवढी ताकदीची गाडी, कशासाठी घेतली होती? भिताय कशाला? आप्पाऽऽ!"

मागून मुलाचा आक्रोश. आईच्या चेहऱ्यावर खिळलेल्या त्या लेकराला ना दिवा दिसला, ना चाकाचा खडखडाट ऐकू आला. त्याला दिसला फक्त काटा. चाळीस!

सरकार वाचल्या नाहीत. डोक्यातली रक्तवाहिनी घरीच फुटली होती, तुम्ही उडत आला असतात तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टरांनी बापलेकांना समोरासमोर सांगितलं. मुलगा एवढंच म्हणाला, "ही समजूत काढायची भाषा झाली, डॉक्टर." आणि त्याने वडिलांकडे असं बघितलं, की आप्पांचं काळीज तिथेच विदीर्ण झालं.

बोलायला तोंड उघडलं होतं आप्पांनी! चाक फुटलं रे बाळा, एवढंच म्हणायचं होतं. पण शब्द ओठाशी आले आणि आतल्या आत विरले. कारण ती चाकं... ती मुलानेच बसवली होती.

वडिलांच्या साठीला त्याने आणलेली भेट होती ती. मूळ चाकांपेक्षा मोठी, चांदीसारखी चमचमणारी, आणि त्यांच्यावर पातळ टायर, बांगडीवर रबर ओढल्यासारखा. "आप्पा, आता कशी शर्यतीची गाडी दिसते बघा!" बसायच्या वस्तू बनवण्यात जन्म गेलेल्या माणसाला पहिल्याच खड्ड्यात कळलं, की ही चाकं दिसण्याची आहेत, सोसण्याची नाहीत. पण लेकाच्या चेहऱ्यावरचा तो आनंद! सरकारांनीही डोळ्यांनीच दटावलं होतं, "काही बोलाल तर बघा!" आप्पा बोलले नाहीत. तेव्हाही नाही, आणि नंतर तर नाहीच.

सुतक संपण्याआधीच त्यांनी जुनी चाकं बसवून घेतली, आणि ती चमचमती वखारीत ताडपत्रीखाली लपवली. मुलाच्या लक्षात आलं. "माझी भेटही काढून टाकलीत?" आप्पा म्हणाले, "मला सोसली नाहीत." त्या एका वाक्याने उरलासुरला धागाही तुटला. मुलगा दुसऱ्या शहरात गेला. फोन करायचा तो ताईला. आज आला होता, तोही फक्त गाडी विकायला.

"आप्पा..." मुलाच्या आवाजाने ते भानावर आले. डॉक्टर बाई आत आली होती, चहाचा कप हातात घेऊन उभी होती.

"जाहिरातीतला फोटो जुना असावा, त्यात वेगळीच चाकं दिसली मला," ती म्हणाली. "मोठी, चांदीच्या रंगाची. ती आहेत का हो? असली तर मला हवी आहेत."

आप्पांनी झटकन मान हलवली. "नाही, नाही! ती... ती मी देऊन टाकली कुणाला तरी."

"अहो, देऊन कुठे टाकली?" ताई भाबडेपणाने बोलून गेली. "वखारीत ताडपत्रीखाली आहेत की! परवाच झाडताना बघितली."

"मी आणतो," मुलगा म्हणाला.

"अरे नको! तिथे धूळ आहे, फळ्या आहेत... मी सांगतो ना, थांब!" आप्पा उठायला गेले, पण पाय खरंच लगेच उचलला नाही. मुलगा लांब ढांगा टाकत मागच्या दाराने निघूनही गेला होता.

आप्पा भिंतीला धरत धरत वखारीत पोचले, तेव्हा ताडपत्री बाजूला पडली होती. तीन चाकं फळ्यांना टेकून उभी होती, अजून तशीच लखलखीत. चौथं मुलाच्या पुढ्यात आडवं होतं आणि तो त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसला होता. धातूचे भाग तपासणं हा त्याचा रोजचा धंदा, कारखान्यात तडे शोधण्याचाच त्याला पगार मिळायचा. त्याचं बोट चाकाच्या कडेवरच्या तड्यावरून हळूहळू फिरत होतं. मग ते टायरकडे गेलं. रबर घासून घासून आतले धागे बाहेर लोंबत होते. फुटल्यावरही कुणीतरी हे चाक खूप लांब चालवलं होतं.

त्याने वर बघितलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा सरळ वडिलांच्या डोळ्यांत!

"कुठे झालं हे?"

आप्पांनी ताडपत्रीकडे हात नेला.

"आप्पा, कुठे झालं?"

"पुलावर," आप्पा पुटपुटले.

वखारीत लाकडाचा वास भरून राहिला होता. मुलाने तड्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "चाळीस..." तो शेवटी म्हणाला. "म्हणून चाळीस! आणि मी तुम्हाला भित्रा म्हटलं... मी तुमच्या घरचं पाणी प्यायलो नाही... आप्पा, का नाही सांगितलंत? एका शब्दाने नाही सांगितलंत!"

"काय सांगायचं? डॉक्टरांचं तू ऐकलं नाहीस. ती घरीच गेल्यात जमा होती, हे खरं आहे रे, अगदी खरं! पण तुला कुणाला तरी दोष द्यायचा होता. रागवायला तुला मी होतो. स्वतःवर रागवायला लागला असतास, तर तुला सोडवायला कोण होतं? जी होती, ती तर निघून गेली होती..."

"मग हे टाकून तरी द्यायचं होतंत!"

"तू दिलं होतंस," आप्पा म्हणाले. "टाकवेना."

आणि तो दांडगा, पोटाला टायर सुटलेला बाप्या लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. आप्पा कष्टाने खाली वाकले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी गोल गोल होता, म्हणून सरकारांनी त्याला एक नाव ठेवलं होतं. कितीतरी वर्षांत ते आप्पांच्या जिभेवर आलं नव्हतं.

"उगी, भोपळ्या... उगी! चाकात दोष नव्हता, माणसात नव्हता. रस्ता खचला होता, एवढंच."

डॉक्टर बाईला ताईने काय सांगितलं कोण जाणे! मंडळी पुढच्या दारी आली तेव्हा ती दुसरा कप चहा घेत बसली होती. मुलाने हात जोडले. "डॉक्टर, माफ करा. गाडीचं काय ते नंतर बघू. आज आधी वडिलांना एक चक्कर मारून आणायचीय." बाईने कप खाली ठेवला आणि काही न विचारता गाडीला मोकळी वाट करून देण्यासाठी फाटक उघडायला गेली.

आप्पांनी खिशातून चावी काढून मुलाच्या हातात दिली. मुलाने बटण दाबलं. गाडी हलकेच वाकली. आप्पा पुढे चढले, दुखरा पाय सावरत, अगदी सरकारांसारखे. ताई मागे बसली. शेवटची सीट रिकामीच होती. तिच्यावर एक शाल घडी करून ठेवली होती, ती कुणीही कधी हलवली नव्हती.

मुलाने इंजिन सुरू केलं आणि तो थांबला. घरचा कायदा होता.

"बसलो," तो म्हणाला.

"बसले," ताईने डोळे पुसत सांगितलं.

"बसलो," आप्पा म्हणाले.

आता शेवटच्या आवाजाची पाळी होती. कुणालाच कुणाकडे बघवेना. गाडी जागेवर गुरगुरत उभी होती, मुलाचे हात स्टिअरिंगवर होते, आणि आरशात ती शाल दिसत होती. आप्पांनी एकदा खोल श्वास घेतला, घसा खाकरला आणि त्या घरात इतकी वर्षं हरवलेल्या ठसक्यात म्हणाले,

"सरकार बसले... पळव!"