साडेदहाची भूक

मृण्मयीच्या पोटात कुणीतरी राहतं, असं तिचं ठाम मत होतं. आणि त्या कुणाला तरी घड्याळ कळतं, हेही.

आता तुम्हीच बघा. ही मुलगी रात्री आठ वाजता पोळी-भाजी, वरणभात असं व्यवस्थित जेवायची. "बास, आता फुटेन मी," म्हणून ताटावरून उठायची. आणि साडेदहा वाजले रे वाजले, की पोटात गुर्रर्र! खोलीत घड्याळ नसलं तरी. दिवे मालवले तरी. एकदा तिने मुद्दाम पांघरुणात डोकं खुपसून डोळे घट्ट मिटून घेतले, पण पोटातला तो प्राणी बरोबर वेळेवर जागा झाला. मग मृण्मयी दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात जायची आणि भडंगाचा डबा उघडायची. वर एखादा शेंगदाण्याचा लाडू. खाऊन झालं की झोप पार उडालेली असायची.

जेवलेल्या पोटाला भूक लागते तरी कशी? हे कोडं काही तिला सुटत नव्हतं.

ही गोष्ट आहे माणसं चंद्रावर नोकरीला जाऊ लागली, त्या काळातली. मृण्मयीची आई, ऋजुता, भारताच्या चांद्रतळावर तिथल्या मातीचा अभ्यास करायला गेली होती. पहिले सहा महिने ती चंद्राच्या आपल्याला दिसणाऱ्या बाजूवर होती. तळावरची घड्याळंही आपल्याच वेळेवर चालायची. रोज रात्री साडेदहाला तिचा फोन यायचा. सांगलीच्या घराच्या गच्चीवर मृण्मयी आणि बाबा भडंगाचं ताट मध्ये घेऊन बसायचे आणि तिकडे आई पाकिटातला सुका मेवा खायची. आवाज चंद्रावर जाऊन परत यायला वेळ लागतो ना, म्हणून इकडे विनोद झाला की आईचं हसू अडीच सेकंदांनी यायचं. तोवर ही दोघं पुन्हा हसायला लागलेली असायची. काय मजा होती!

मग आईची बदली झाली, चंद्राच्या पलीकडच्या बाजूला. ती बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही आणि तिथून थेट फोनही लागत नाही. निरोप एका उपग्रहामार्फत (ग्रहाभोवती किंवा चंद्राभोवती फिरणाऱ्या यंत्रामार्फत) वळसा घालून येतात. उपग्रह एक आणि घरं अनेक, म्हणून प्रत्येक घराच्या वाट्याला दर पंधरा दिवसांनी एक पहाट, त्यातली थोडीशी मिनिटं. मृण्मयीच्या घराला पहाटे साडेपाचची वेळ मिळाली.

पहिल्या वेळी आदल्या रात्री कोजागिरी होती. सकाळी मृण्मयी उठलीच नाही, पण कोजागिरीच म्हटल्यावर कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या वेळी दिवाळीचा फराळ घरात होता. बाबांनी तिला गदागदा हलवलं, फोनचा पडदा तिच्या तोंडासमोर धरला. ती "पाच मिनिटं रे" असं पुटपुटली आणि कूस बदलून घोरायला लागली. जाग आली तेव्हा ऊन आत आलं होतं.

"आई काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काही नाही. तुझ्याकडे बघत बसली," बाबा म्हणाले.

मृण्मयी त्या दिवशी रडली, अगदी हुंदके देऊन. पुढची वेळ त्रिपुरी पौर्णिमेला होती. तीही हुकली तर? आईला विसरल्यासारखं दिसेल, आणि विसरली तर ती मुळीच नव्हती.

सुट्टीत बाबा तिला घेऊन आजोबांकडे गेले. आजोबा म्हणजे आईचे वडील, डॉक्टर मुरलीधर शेलार. हे औषधाचे डॉक्टर नव्हेत, मधमाश्यांचे शास्त्रज्ञ. सह्याद्रीतल्या एका पठारावर त्यांचं केंद्र होतं. चालकाशिवाय चालणारी छोटी बस वळणावळणाने वर गेली आणि धुक्यात थांबली. आजोबांच्या घराचं छप्पर काचेचं होतं; सांगितलं की काळं व्हायचं, सांगितलं की पारदर्शक. पडल्यापडल्या ढग अंगावरून जाताहेत असं वाटायचं.

दुपारी आजोबा तिला जांभळाच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथे एका दगडावर निळी ताटली होती. रिकामी.

"आता गप बस आणि बघ," आजोबा म्हणाले.

चार वाजायला आले तशी एक मधमाशी आली. मग दुसरी. मग ही झुंबड! साऱ्या ताटलीभोवती गुणगुणत फिरायला लागल्या. काहींच्या पाठीवर आजोबांनी ओळखीसाठी रंगाचे ठिपके दिलेले होते.

"पण ताटलीत तर काहीच नाही!"

"काल होतं. गेले कितीतरी दिवस मी रोज चार वाजता इथे साखरेचं पाणी ठेवत होतो. आज नाही ठेवलं."

"मग यांना चार वाजले हे कुणी सांगितलं?"

"हां! आत्ता कसं विचारलंस!" आजोबा खूश झाले. "यांच्या आत जैविक घड्याळ आहे (म्हणजे शरीराच्या आतच चालणारं वेळेचं भान). फुलं काही दिवसभर सारखा मकरंद (फुलातला गोड रस) देत नाहीत. कुणाचा मकरंद सकाळी, कुणाचा दुपारी. मधमाशीचा मेंदू खसखशीच्या दाण्याएवढा, पण कुठल्या वेळी कुठे खायला मिळतं ते ती पक्कं लक्षात ठेवते. वेळ झाली की निघालीच."

मृण्मयी एकदम उठून उभी राहिली. "आजोबा! माझ्या पोटात साडेदहाला जे होतं ते—"

"तेच. आपलं जठर (अन्न घुसळणारी पोटातली पिशवी) घ्रेलिन नावाचं एक रसायन सोडतं. रक्तातून ते मेंदूकडे जातं आणि सांगतं, भूक लागली. पोट बराच वेळ रिकामं असलं की ते सुटतं. पण गंमत अशी, की रोजच्या खाण्याची वेळ झाली की ते त्या वेळेच्या अंदाजानेही सुटतं. तुम्ही रोज साडेदहाला खाल्लंत, पोटाने ती वेळ शिकून घेतली."

"म्हणजे माझी भूक खोटी आहे?"

"छे छे, खोटी कशाला? लागते ती लागतेच. पण ओळखायची एक माझी घरगुती युक्ती सांगतो. तेव्हा स्वतःला विचारायचं, गार वरणभात चालेल का? चालत असेल तर खुशाल दोन घास खा, उपाशी झोपायचं नाही. पण भडंगच पाहिजे असेल, तर ती बहुतेक वेळेची भूक."

मृण्मयीने विचार केला. गार वरणभात? शी!

"आणि सकाळी मला जाग का येत नाही?"

"कारण आपल्यात एक घड्याळ नाही, पुष्कळ आहेत. मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या मागच्या बाजूला. ते उजेड बघून चालतं. यकृतातलं (बरगड्यांखालच्या, अन्नावर काम करणाऱ्या मोठ्या अवयवातलं) घड्याळ मात्र खाण्याच्या वेळा बघतं. बाहेर अंधार, म्हणून मेंदू म्हणतो झोपा. तेवढ्यात तू भडंग पाठवतेस, म्हणून यकृत म्हणतं, अरे, दिवस आहे, कामाला लागा! एका घरात दोघांचं असं चाललं तर झोप लागायची कधी आणि उठायचं कधी?"

"आणि खाल्लंच नाही तर?"

"भूक चढते, थोडा वेळ थांबते आणि उतरते. रोज थोडी कमी. किती दिवसांत, ते मात्र मी सांगू शकत नाही. प्रत्येकाचं शरीर वेगळं."

त्या रात्री मृण्मयीने करून बघितलं. काच पारदर्शक ठेवून ती चांदण्या बघत पडली. साडेदहाला पोट गुरगुरलं. ती कूस बदलत राहिली, दात आवळून. इतक्यात बाबा हळूच आत आले. त्यांच्या हातात लाडू होता.

"एवढासा खा गं," ते कुजबुजले. "किती तळमळतेयस. मला बघवत नाही."

तिने खाल्ला, आणि मग उशिरापर्यंत जागीच राहिली.

इकडे ताटलीवर येणाऱ्या माश्या रोज कमी होत चालल्या. एके दिवशी जेमतेम चार-पाच उरल्या. त्यात पिवळ्या ठिपक्याची एक होती. ती ताटलीच्या काठावर उतरायची, सोंडेने चाचपायची, उडायची, पुन्हा उतरायची. मृण्मयीला अगदी गलबलून आलं. बिचारी केव्हाची वाट बघतेय! आजोबा आत होते. ती पळत गेली, साखरेचं पाणी केलं आणि ताटलीत ओतलं. पिवळी ठिपकी प्यायली, भुर्रकन उडाली आणि मृण्मयीला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता जांभळाखाली हा गलका! पहिल्या दिवसापेक्षाही जास्त माश्या. ताटली रिकामी, तरी कुणी हलेना. तिन्हीसांजेपर्यंत त्या घुटमळत राहिल्या.

आजोबांनी ताटलीकडे पाहिलं, मग नातीकडे. "काल इथे कुणी काही ठेवलं होतं का गं?"

मृण्मयीची मान खाली गेली. "मला त्यांची दया आली."

"येणारच. पण त्या काय शिकल्या माहीत आहे? ताटली रिकामी दिसली तरी निघून जायचं नाही, कधीतरी मिळतंच. रोज मिळणारं बंद झालं तर विसरता येतं बाळा. कधीतरी मिळणाऱ्याची वाट फार दिवस बघितली जाते. आता बिचाऱ्यांचे आणखी कितीतरी दिवस फुकट जाणार."

 मृण्मयीला बाबांच्या हातातला लाडू आठवत होता. तोही दयेचाच होता.

संध्याकाळी ती बाबांपाशी जाऊन बसली. "बाबा, तू मला रात्री काही आणून देऊ नकोस. मी रडले तरी."

बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "खरं सांगू? साडेदहाला मलाही एकट्याने बसवत नाही गं. म्हणून तुझ्याकडे येतो."

तेव्हा मृण्मयीचाही बांध फुटला. "मला ती भूक जायला नकोय! ती गेली की ती वेळपण जाईल. तेव्हा आई असायची!"

आजोबा दारातच उभे होते. ते आत आले आणि तिच्यासमोर खाली बसले. "बाळा, माझ्या माश्या चारची वेळ सोडतात तेव्हा त्या फुलं विसरत नाहीत. दुसरीकडे, दुसऱ्या वेळी फुललेली फुलं शोधतात. आई आता पहाटे फुलते. तुझं पोट तिला रात्री शोधत बसलंय, म्हणून तर ती हुकते."

मृण्मयीने नाक पुसलं. असा विचार तिने केलाच नव्हता.

त्या दिवसापासून तिघांनी नवी वेळ लावायला घेतली. रात्रीचं जेवण भरपूर, मग दिवे मंद. साडेदहाला भूक यायची तेव्हा मृण्मयी तिच्याशी भांडायची नाही. आली का? बस जरा, असं म्हणायची. काचेवरून ढग सरकायचे, चंद्र रोज थोडा मोठा होऊन डोकावायचा आणि भूक केव्हा निघून गेली ते कळायच्या आत डोळे मिटलेले असायचे. एका रात्री तिने उठून भडंग खाल्लं, हे सांगायलाच हवं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सुरू झाली. पहाटे आजोबा तिला उजेडात बाहेर न्यायचे आणि बाबा तिथेच गरम थालीपीठ आणून द्यायचे. पहिल्या पहाटे ते तिच्या घशाखाली उतरेना. मग उतरायला लागलं. मग तर ती स्वतःच विचारायला लागली, "झालं का?"

त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे मृण्मयीला कुणी उठवलं नाही. पोटात गुर्रर्र झालं आणि ती जागी झाली. बाहेर पूर्वेला नुकतं तांबडं फुटत होतं आणि पश्चिमेला डोंगरावर पूर्ण चंद्र टेकला होता. त्याच्याच पाठीमागे आई होती.

पडदा उजळला. आई दिसली. 

"जागी आहेस?" तिने विचारलं.

"कधीची! भूकपण लागलीय," मृण्मयी म्हणाली आणि एका दमात ताटली, पिवळी ठिपकी, यकृत, लाडू, सगळं सांगत सुटली. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिने डोळे टिपले.

"मृणू, मी एक सांगू? इथे मीपण रोज रात्री साडेदहाला मेव्याचं पाकीट फोडते. भूक नसते. पण हात जातोच. आणि मग झोप येत नाही. इथे बाहेर आता चौदा दिवसांची रात्र आहे, सकाळ म्हणून काही होतच नाही."

मृण्मयी पडद्याच्या अगदी जवळ गेली. आता तिला सगळं माहीत होतं.

"आई, तुझ्या पोटाला अजून कळलंच नाहीये, आपली वेळ बदललीय ते. खोलीतला दिवा मोठा कर. पूर्ण. आता पाकीट घे. रात्री नाही, आत्ता! आम्ही पण खातोय. आणि रोज याच वेळेला खायचं, फोन असो नसो. आम्ही पण इथे खात असू."

आईने दिवा मोठा केला. तिचा चेहरा उजळून निघाला. बाबांनी थालीपीठ मोडलं, मृण्मयीने पहिला घास उचलला आणि ती आईसाठी थांबली. तिकडे आईनेही घास घेतला, आणि चंद्राच्या पलीकडच्या त्या काळोख्या बाजूला सकाळ झाली.