बदलीचं माणूस

शुक्रवारी गल्लीत वीज नसायची. भिवंडीतले यंत्रमागाचे कारखाने त्या दिवशी गप्प पडत आणि ठमाबाईला घरात हळू आवाजात बोलता येई. तिनं भात कालवला आणि नवऱ्याच्या खाटेपाशी बसली. त्याचे हात मात्र शुक्रवारीही चालूच होते.

केसरीनाथ लूमवर उभा असतानाच मेंदूला झटका येऊन कोसळला होता. डोक्यातून बायको गेली, लेक गेली, स्वतःचं नावही गेलं. हातांना तेवढं काम आठवत होतं. सुताची संपलेली कांडी काढायची, भरलेली धोट्यात घालायची, भोकातून धागा ओठांनी ओढून घ्यायचा, धोटा बसवायचा, लूम चालू करायचा दांडा खेचायचा. डॉक्टर म्हणाले, सवय आहे, राहू द्या. त्यांचं काय जातंय? हात आणि ओठ थांबत नव्हते, म्हणून घास पोटात जात नव्हता. माणूस डोळ्यांदेखत वाळून चालला होता.

"अवो, मी ठमा हाय. वळखा ना."

दांडा खेचून तो उजवीकडे सरकला आणि डावीकडच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला.

दर वेळी तो असाच सरकायचा. आज तिच्या लक्षात आलं. कारखान्यात डबा पोचवताना तिनं किती वेळा पाहिलं होतं, पाळी बदलताना लूम थांबवत नाहीत. बदलीचा माणूस डावीकडे उभा राहतो, हात बघत लय धरतो, आणि जाणारा चालता दांडा त्याच्या हाती देऊन सरकतो. केसरीनाथ पडला त्या दिवशी बदलीचा माणूस आलाच नव्हता. तिनं दांडा धरल्यासारखे हात उचलले.

"आये, नको ना बाबांसारखं करू," दारातून हेमाली म्हणाली. "मना भ्याव वाटतं."

"मग काय त्यांना मरू देऊ?"

ठमाबाई त्याच्या डावीकडे बसली. आधी हात चुकले. मग ओठ चुकले. मग जमत गेलं.

ओठांना सुताची चव लागली. खोलीत सूत नव्हतं.

खटखट ऐकू येऊ लागली. गल्ली तर बंद होती.

केसरीनाथने हात पुढे केला. तिनं मूठ वळली. मुठीत गार, तेलकट लोखंड आलं.

त्याचे हात मांडीवर पडले.

"ठमा," तो म्हणाला. "भूक लागलीय गं."

शेजारी कुणीतरी म्हातारा बोलत होता. आवाज चांगला होता, दमलेला. तिला मान वळवता येईना, कांडी संपत आली होती. म्हातारा कुणा ठमाला हाका मारत होता, रडत होता.

मग एक पोरगी धावत आली. तिनं चालणारे दोन्ही हात धरून पाहिले, ते तिच्या पकडीतून सुटले. "आये, आता मी काय करू?" म्हणत ती डावीकडे येऊन बसली आणि डोळे पुसून हातांकडे बघू लागली.

कुणाची पोर होती कोण जाणे. पण पोरीचे हात चटकन शिकत होते. तिनं दांडा खेचला आणि थोडं उजवीकडे सरकून पोरीला जागा करून दिली.